एक गच्ची, एक केबल, तीन बँड: घरच्या हॅम रेडिओसाठी वायर अँटेना कसा निवडाल?

फोनमध्ये एफएम रेडिओ उघडला की स्क्रीनवर 'हेडफोन जोडा' असा मेसेज येतो. कानात ब्लूटूथचे महागडे इयरबड्स असले तरी त्याचं समाधान होत नाही, त्याला वायरवालेच लागतात. कारण त्या फोनला एफएमसाठी वेगळा अँटेना दिलेलाच नसतो. इयरफोनची वायर हाच अँटेना. म्हणजे मित्रांनो, वायर अँटेना तुम्ही आधीच वापरून झालेला आहे, त्याला त्या नावाने हाक मारली नाही एवढंच.

आता फोनच्या धातूच्या कडा नीट बघा. मधेमधे प्लास्टिकच्या बारीक रेघा दिसतील. त्या शोभेसाठी नाहीत. धातूची कड त्या जागी तोडून तिचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे केलेले असतात आणि फोरजी, फाइव्हजी, वाय-फाय, जीपीएस यांना ते वाटून दिलेले असतात. थोड्या जागेत अनेक फ्रिक्वेन्सी बसवायच्या, यालाच मल्टिबँड अँटेना म्हणतात. घरी हॅम रेडिओचं स्टेशन लावणाऱ्यापुढे नेमकं हेच कोडं असतं. फरक मापाचा आहे. वाय-फायला सहा सेंटिमीटरचा तुकडा पुरतो, सात मेगाहर्ट्झच्या हॅम बँडला वीस मीटर वायर लागते. आणि ती खिशात मावत नाही, सगळ्या सोसायटीच्या मालकीच्या गच्चीवर लावावी लागते.

मी ताथवड्यात राहतो, बारा मजली इमारतीत, सातव्या मजल्यावर. सोसायटीच्या कमिटीने मला लेखी परवानगी दिली ती तीन अटींवर: गच्चीवर एकच अँटेना, खाली येणारी एकच केबल, आणि भिंतीला भोक नाही. शिवाय कोणाच्या टीव्हीची किंवा इंटरकॉमची तक्रार आली तर परवानगी रद्द. म्हणजे 'आज हा लावून बघू, नाही जमलं तर पुढच्या महिन्यात दुसरा' अशी चैन नव्हती. निवड आधी कागदावर करायची होती. ती कशी केली ते सांगतो. तुमची गच्ची वेगळी असेल, पण विचार करण्याची पद्धत तीच लागेल.

ज्यांना हॅम रेडिओ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम म्हणजे हौस आणि शिक्षण म्हणून रेडिओ प्रसारण करणारा परवानाधारक. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा देते, त्याआधी परीक्षा असते आणि वयाची बारा वर्षं पूर्ण असली की ती देता येते. रिस्ट्रिक्टेड दर्जाच्या परवान्याला व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं, जनरलला व्हीयू२ ने. परवाना हातात येईपर्यंत प्रसारणाचं बटण दाबायचं नाही, हे लक्षात असू द्या.

लांबी कुठून येते?

रेडिओ लहरीचा वेग सेकंदाला तीस कोटी मीटर. त्यामुळे ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. सात मेगाहर्ट्झची साधारण ४२ मीटर, म्हणून त्या बँडला सगळे '४० मीटर' म्हणतात. अँटेनासाठी सर्वांत सोयीची लांबी अर्धी तरंगलांबी. वायरच्या टोकांच्या परिणामामुळे ती प्रत्यक्षात पाचेक टक्के कमी भरते, म्हणून हॅम लोक १४३ ला मेगाहर्ट्झने भागतात. ७.१ ला २०.१ मीटर, १४.२ ला १०.१, २१.२ ला ६.७ आणि २८.४ ला ५ मीटर. ३.६ मेगाहर्ट्झला मात्र जवळजवळ ४० मीटर. ही वायर मधोमध तोडून दोन तुकड्यांच्या मधे केबल जोडली की झाला डायपोल. घरातल्या वायरिंगची पीव्हीसी वेष्टण असलेली वायर वापरलीत तर लांबी आणखी दोन-तीन टक्के कमी लागते.

माझी गच्ची लांबीला २२ मीटर आहे. ८० मीटरचा बँड, म्हणजे ती ४० मीटरची वायर, इथेच यादीतून गेली. वाईट वाटलं नाही. तो बँड मुख्यतः रात्रीचा, त्यावर वळवाच्या दिवसांत विजांचा कडकडाट आणि शहरात बारा महिने खरखर.

'किती बँड' हा प्रश्नच चुकीचा आहे

विक्रेते आठ बँड, दहा बँड अशी जाहिरात करतात. फोन घेताना मेगापिक्सेल मोजणाऱ्यांना ही जाहिरात ओळखीची वाटेल. आधी हे ठरवा की तुम्हाला कोणाशी बोलायचंय.

४० मीटर हा दिवसा महाराष्ट्राचा बँड. अँटेना जमिनीपासून पाव तरंगलांबीपेक्षा, म्हणजे साधारण दहा मीटरपेक्षा, कमी उंचीवर असला की लहर बरीचशी सरळ वर जाते, आयनोस्फिअरवर आपटून छत्रीसारखी खाली पसरते आणि चारपाचशे किलोमीटरचा परिसर भिजवते. पुण्यातून नाशिक, कोल्हापूर, औरंगाबाद, बेळगाव सगळं त्यात येतं. पूर, भूकंप अशा वेळी मोबाइल टॉवर बंद पडले तर आपल्या भागात कामाला येणारा बँड हाच. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचं हॅम पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होतं आणि बाकी संपर्क तुटलेला असताना त्यांनी रेडिओवरून निरोप पोचवले. अंदमान ते मुख्य भूमी हे अंतर मात्र मोठं आहे, तिथे वरचे बँड लागतात.

वरचा बँड म्हणजे २० मीटर. त्यावर ताथवड्यातून आखाती देश, युरोप, जपान ऐकू येतात आणि नाशिक ऐकू येत नाही. लहर नाशिकच्या डोक्यावरून निघून जाते. १५ आणि १० मीटरचे बँड सूर्याच्या लहरीवर अवलंबून. सूर्याचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं असतं. सध्याचं २५ वं चक्र २०२४ च्या सुमाराला शिखरावर होतं, त्यामुळे आता पुढची काही वर्षं हे दोन बँड, विशेषतः १० मीटर, हळूहळू मंदावत जाणार. म्हणून माझी यादी अशी झाली: ४० आणि २० हवेतच, १५ मिळाला तर उत्तम, १० नाही मिळाला तरी चालेल.

आपल्या भागाला वायर अँटेना काही नवा नाही. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंडमध्ये शॉर्टवेव्हची 'बीम वायरलेस' तारसेवा सुरू झाली, तेव्हा भारताकडचं प्रसारण केंद्र खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. उंच खांबांवरून तारांचे पडदे टांगलेले असत आणि त्यांचं तोंड इंग्लंडकडे केलेलं असे. ठरलेली तरंगलांबी, ठरलेली दिशा, आणि त्यासाठी एकरांनी जमीन. कंपनीला ते परवडत होतं. एका वायरीत तीन-चार बँड कोंबण्याची धडपड ही घरगुती हॅमच्याच नशिबी.

ताथवड्याची खरखर

अँटेना निवडताना सगळ्यात कमी बोललं जातं ते या विषयावर, आणि माझ्या मते शहरात निर्णय इथेच होतो.

सातव्या मजल्यावर बाल्कनीत वायरचा तुकडा टाकून ४० मीटर लावला तर रेडिओचा सिग्नल दाखवणारा काटा संध्याकाळी काही येत नसतानाही एस-८ वर उभा असे. म्हणजे एस-८ पेक्षा दुबळं जे काही असेल ते मला कधीच ऐकू येणार नाही. ही खरखर येते कुठून? तुमच्या फोनच्या चार्जरपासून सुरुवात करा. आजचे चार्जर आणि ॲडॅप्टर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतात. प्रत्येक चालू-बंद हा एक छोटा रेडिओ धक्का असतो आणि त्याचे पडसाद वर अनेक मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. चांगल्या चार्जरमध्ये त्यावर फिल्टर असतो, स्वस्तातल्यात तो गाळलेला असतो. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, लिफ्टच्या मोटारीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह, गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर, पार्किंगमधले ईव्ही चार्जर, सीसीटीव्हीचे ॲडॅप्टर, सगळे त्याच कुळातले.

आमच्याकडे कोणाला विचारलं तर बोट एमआयडीसीकडे जातं. त्याची तपासणी करणं सोपं आहे, कारण पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि दुरुस्तीसाठी लाइट जाते तीही बहुतेक गुरुवारीच. मी चार गुरुवार रेडिओ बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बसलो. कारखाने बंद असले तरी खरखरीत फारसा फरक पडला नाही. पण लाइट गेली त्या क्षणी काटा एस-८ वरून एस-३ वर आला, आणि दोन मिनिटांनी सोसायटीचा जनरेटर सुरू होऊन लिफ्ट व जिन्यातले दिवे लागले तसा परत एस-६ वर गेला. मोठ्या नळीचा कारखाना दूर आहे, खरखर करणारा आपल्याच छपराखाली आहे. लाइट जाईल तेव्हा हा प्रयोग नक्की करा, वैतागण्यापेक्षा बरा.

नेमका अपराधी शोधायला फोन उपयोगी नाही. बॅटरीवर चालणारा मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर घ्या, पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झपासून दूर रिकाम्या जागी लावा आणि घरभर, जिनाभर फिरा. जिथे घरघर वाढेल तिथे उभे राहा. आमच्याकडे जिन्यातल्या दोन एलईडी पट्ट्या आणि एका शेजाऱ्यांच्या राउटरचा ॲडॅप्टर सापडला. ॲडॅप्टर मीच बदलून दिला, संबंध सुधारले. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण उभारली तेव्हा जागा निवडताना रेडिओ शांतता हा मोठा मुद्दा होता. आपल्याला गाव बदलता येत नाही, अँटेना बदलता येतो.

आता महत्त्वाची गोष्ट. खरखर अँटेनात जितकी शिरते तितकीच, कधीकधी जास्त, केबलमधून शिरते. कोॲक्स केबलच्या आतली तार आणि जाळीची आतली बाजू सिग्नल नेतात. पण जाळीची बाहेरची बाजू ही स्वतंत्र तिसरी तारच असते. ती गच्चीपासून सातव्या मजल्यापर्यंत पाच घरांच्या वायरिंगला, मीटरला, राउटरला घासून येते आणि सगळ्यांची खरखर उचलते. वर अँटेनाशी तिचा बंदोबस्त केलेला नसेल तर ती उचललेली खरखर तिथून आत वळते आणि सिग्नलबरोबर खाली उतरते. प्रसारणाच्या वेळी उलटं होतं: तुमची पॉवर त्याच रस्त्याने खाली येऊन शेजाऱ्यांच्या इंटरकॉममध्ये घुसते. आणि मग परवानगी रद्द. म्हणून मी प्रत्येक अँटेनाला एकच प्रश्न विचारत गेलो: तू केबलला अँटेना बनवतोस का?

उमेदवार

पहिला एंड-फेड. यूट्यूबवर सध्या त्याचंच राज्य आहे आणि ते उगाच नाही. २० मीटरची एकच वायर, केबल मधोमध न जोडता एका टोकाला. अर्ध्या तरंगलांबीच्या वायरच्या टोकाला रोध फार मोठा असतो, अडीच हजार ओहमच्या आसपास, आणि केबल ५० ओहमची. मधे १:४९ गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर टाकतात, फेराइटच्या कड्यावर दोन आणि चौदा वेढे. गंमत अशी की सातच्या दुपटीला, तिपटीला, चौपटीलाही टोकाचा रोध मोठाच राहतो, त्यामुळे ७, १४, २१ आणि २८ असे चारही बँड एकाच वायरीवर मिळतात. एक झाड, एक दोरी, पाच मिनिटांत उभा. पवना धरणाच्या बाजूला मोकळ्यावर मित्राचा एंड-फेड लावून मी ऐकलंय, बँड इतका शांत की रेडिओ चालू आहे ना अशी शंका यावी.

पण विजेला परतीची वाट लागते. डायपोलमध्ये एक हात दुसऱ्या हाताला वाट देतो. एंड-फेडला दुसरा हात नाही, म्हणून तो काम केबलच्या बाहेरच्या जाळीकडून करून घेतो. मोकळ्या माळावर बिघडत नाही. बारा मजली इमारतीत तीच केबल खरखरीचा जिना बनते. तोच एंड-फेड मी कमिटीला सांगून एका संध्याकाळपुरता आमच्या गच्चीवर बांधला: ४० मीटरवर खरखर एस-७. ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटर अंतरावर केबलला चोक घातल्यावर एस-६. चोक म्हणजे काय ते पुढे सांगतो.

जी५आरव्ही हे जुनं, मानाचं नाव. इंग्लंडच्या लुई व्हार्नी यांनी १९४६ मध्ये मुख्यतः १४ मेगाहर्ट्झसाठी काढलेला हा ३१ मीटरचा अँटेना. त्याला मधोमध शिडीसारखी दोन तारांची फीडलाइन दहाएक मीटर सरळ खाली लोंबावी लागते, आणि बहुतेक बँडवर ट्यूनर हवाच. २२ मीटरची गच्ची आणि साडेआठ मीटरचा खांब यात तो बसत नाही. पुढे.

एकतृतीयांशावर केबल जोडलेला डायपोल, ज्याला बरेच जण सैलपणे विंडम म्हणतात, त्यावर मी जास्त वेळ घालवला. २० मीटर वायर, एक हात ६.७ चा, दुसरा १३.४ चा, मधे १:४ चा ट्रान्सफॉर्मर. ४०, २० आणि १० मिळतात. १५ मिळत नाही, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे: तिप्पट फ्रिक्वेन्सीला वायरवर तीन लाटा मावतात आणि त्यांचा सांधा बरोबर एकतृतीयांशावर येतो. तिथे विजेचा प्रवाह शून्य. जिथे प्रवाहच नाही तिथे केबल जोडून उपयोग काय? शिवाय दोन हात असमान असल्यामुळे केबलवर भार येतोच. मला १० पेक्षा १५ हवा होता, म्हणून हाही गेला.

ट्रॅप डायपोलमध्ये वायरवर कॉइल आणि कपॅसिटरची फाटकं असतात. वरच्या बँडला फाटक बंद, खालच्याला उघडं. जागा फारच कमी असेल तर विचार करा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात फाटकात पाणी शिरलं की सगळं गणित सरकतं, एवढं मात्र धरून चाला.

आणि एक प्रकार पूर्ण टाळा: 'सर्व बँडवर एसडब्ल्यूआर दीडच्या खाली, ट्यूनर नको' म्हणून विकला जाणारा, पोटात मोठा रेझिस्टर असलेला. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप. २ असेल तर ११ टक्के परत, ३ असेल तर २५ टक्के. कमी असलेला बरा, पण नुसता रेझिस्टर जोडला तरी तो एकदम १ दाखवतो. परत काही येत नाही, कारण सगळं तिथेच तापून जातं. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या यूबिटएक्ससारख्या दहाएक वॉटच्या सेटवर सुरुवात करणाऱ्याने त्यातले वॉट रेझिस्टर तापवण्यात घालवू नयेत.

दोन जोड्या, तीन बँड

उरला फॅन डायपोल, आणि तोच मी लावला. एकाच केबलला, एकाच बिंदूवर दोन डायपोल: एक २० मीटरचा, दुसरा १० मीटरचा. सात मेगाहर्ट्झची वीज आली की १० मीटरची जोडी तिला फार अवघड वाटते, ती आपोआप लांब जोडीत जाते. १४ ची आली की उलटं. ना ट्रान्सफॉर्मर, ना फाटकं, दोन्ही हात सारखे. आणि १५ मीटर जवळजवळ फुकट: २१ म्हणजे साताची तिप्पट, आणि तिप्पट फ्रिक्वेन्सीला डायपोलच्या बरोबर मध्यावर प्रवाह जास्त असतो. विंडमचा जो दोष तोच इथे गुण.

जवळजवळ म्हटलं, कारण पुस्तकी तिप्पट इथे नेमकी बसत नाही. टोकांचा परिणाम फक्त दोन शेवटच्या तुकड्यांना लागतो, त्यामुळे ७.१ ला कापलेली वायर २१.३ ला न जुळता २२ च्या आसपास जुळते. उपाय स्वस्त आहे. मधल्या बिंदूपासून सव्वातीन-साडेतीन मीटरवर दोन्ही बाजूंना हातभर वायर खाली लोंबती सोडायची. २१ मेगाहर्ट्झला त्या जागी व्होल्टेज खूप असतं, म्हणून तो बँड खाली उतरतो. ४० मीटरला तिथे व्होल्टेज कमी, त्यामुळे तो फारसा हलत नाही. लोंबत्या तुकड्याची लांबी कापत कापत २१.२ वर आणा.

लिफ्टच्या खोलीवरच्या पाण्याच्या टाकीचा माथा गच्चीपासून पाच मीटर आहे. त्याला साडेतीन मीटरचा बांबू बांधला, वर कप्पी. तिथून वायरी दोन्ही बाजूंना उतरत्या, उलट्या 'व्ही'सारख्या, टोकं कठड्याला बांधलेल्या पाइपांवर तीन मीटर उंचीवर. मधला कोन ११० अंशांच्या आसपास येतो. ९० च्या खाली जाऊ देऊ नका. टोकांवर प्रसारणाच्या वेळी शेकडो व्होल्ट असतात, आणि आमच्या गच्चीवर पापड वाळत घालतात, पोरं खेळतात, म्हणून तीन मीटर ही उंची मी हट्टाने धरली. दोन जोड्यांच्या मधे इलेक्ट्रिकच्या कंड्युट पाइपचे तुकडे घालून अंतर राखलंय. छोट्या जोडीची टोकं लांब जोडीपासून अर्धा मीटर तरी दूर हवीत, नाहीतर एक जुळवताना दुसरी बिघडते. दोरीच्या एका टोकाला वाळू भरलेली बाटली टांगली आहे. वारा आला की बाटली वरखाली होते, वायर तुटत नाही.

मध्यावर चोक. फेराइटच्या मोठ्या कड्यावर कोॲक्सचेच दहा-बारा वेढे. आतला सिग्नल बिनधास्त जातो, बाहेरच्या जाळीवरच्या विजेला ते वेढे भिंतीसारखे वाटतात. कडं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत विचारा, पण जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधलं पिवळं-पांढरं कडं काढून वापरू नका. ते लोखंडाच्या भुकटीचं असतं, या फ्रिक्वेन्सीला त्याचा काही उपयोग नाही. दुसरा चोक केबल घरात शिरते तिथे.

केबलवर कंजूषी नको. वरून माझ्या टेबलापर्यंत ३० मीटर आहे. १४ मेगाहर्ट्झला तेवढ्या लांबीच्या आरजी-५८ मध्ये जवळपास तिसरा हिस्सा पॉवर जाते, जाड आरजी-२१३ मध्ये सहावा. भोक नको या अटीवर उपाय म्हणजे सरकत्या खिडकीच्या फटीतून मीटरभर पातळ केबलचा तुकडा.

जुळवण्यासाठी नॅनोव्हीएनए हे तळहाताएवढं यंत्र घ्या किंवा कोणाकडून मागून आणा. आधी लांब जोडी, मग छोटी, शेवटी लोंबते तुकडे, आणि मग परत पहिल्यापासून एक फेरी. जास्तीची वायर कापू नका, दुमडून बांधा. माझ्याकडे शेवटी ७.१ ला १.३, १४.२ ला १.५ आणि २१.२ ला १.८ आले. त्याच जागी, तशाच संध्याकाळी खरखर एस-५. एस-मीटरचा एक अंक सहा डेसिबलचा धरतात, म्हणजे चोक घातलेल्या एंड-फेडपेक्षा खरखरीची पॉवर चौपटीने कमी.

अँटेना कुठवर पोचतो ते बघायला फोन उत्तम. एफटी८ या डिजिटल पद्धतीने १४.०७४ वर पंधरा सेकंदांचा निरोप पाठवा आणि पीएसके रिपोर्टरची साइट फोनवर उघडा. जगात ज्या ज्या स्टेशनने तुम्हाला ऐकलं ते नकाशावर ठिपके होऊन दिसतं. ४० मीटरला ठिपके जवळ, २० ला लांब आणि मधे रिकामं कडं. वर नाशिकचं सांगितलं ते इथे डोळ्यांनी दिसतं.

वीज, मांजा आणि हायटेन्शन

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमायला लागले की केबल रेडिओपासून काढून बाल्कनीत. गडगडाट ऐकू आल्यावर हात लावायचा नाही, त्याच्या आधीच काढायची. मी त्या दोन महिन्यांत वापर झाला की रोज काढतो. खांब इमारतीच्या तडितरोधकापेक्षा खाली ठेवा आणि त्याला काहीही बांधू नका. थेट पडलेल्या विजेपुढे कोणतंही यंत्र टिकत नाही.

विजेच्या उच्चदाबाच्या तारा आसपास असतील तर वायर किंवा खांब कोणत्याही बाजूला पडला तरी तिथवर पोचणार नाही एवढं अंतर हवं. वायरला दगड बांधून पलीकडे फेकणं हा खेळ तिथे कधीच करू नका. संक्रांतीच्या आठवड्यात वायरी खाली उतरवून ठेवलेल्या बऱ्या, कारण अडकलेला पतंग काढायला मुलं टाकीवर चढतात.

गच्ची मिळालीच नाही तर

बऱ्याच सोसायट्या नाहीच म्हणतात. मग ४० मीटरचा नाद सोडा आणि २० मीटरपुरतं बघा. बाल्कनीच्या कठड्यातून फायबरची मासेमारीची काठी बाहेर तिरकी काढा, तिच्यावर पाच मीटर वायर, आणि तेवढीच दुसरी वायर कठड्याच्या कडेने. हाही वाकडा डायपोलच. चोक इथेही हवा, किंबहुना इथे जास्त. काठी घट्ट बांधा, खाली रस्ता असतो. शनिवार-रविवारी एंड-फेड घेऊन शहराबाहेर जाऊन ऐकता येतं. परवान्यावर पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणाहून बोलायचं असेल तर त्याबद्दलच्या अटी आधी वाचून घ्या.